बीई होऊन दीड वर्ष झालं, पुण्याले जाऊ का गावातच राहू?

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज लिहायची हिंमत केली. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या आत. २०२४ ले कॉम्प्युटरमध्ये बीई झालो. सीजीपीए ७.१, बॅकलॉग नाही (एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, एकदा गेला होता, तो निघाला). दहावीले ८१ टक्के, पण बारावीले ५७.८. आणि तेच माझ्या मुळावर आलं, कारण मोठ्या कंपन्यांचा फॉर्म उघडला का पहिला प्रश्न तोच, दहावी बारावी डिग्री तिन्हीकडे साठ आहे का, नाही टाकलं का खेळ खलास, पुढचं पानच उघडत नाही. कॉलेजात दोन कंपन्या आल्या होत्या, त्यातली एक फोनवर कोर्स विकायची निघाली.

मंग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये एका सरकारी ऑफिसात लागलो, महिना दहा हजार. सहा महिने झाले, पुढं पाच वाढवून भेटले, ते पण संपले. तिथं काम म्हणजे एक्सेलमध्ये नावं भरणं आणि साहेबाचा प्रिंटर फसला का कागद ओढून काढणं. आता सीझनपुरता एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो, आणि रात्री गावातल्या लोकाइचं सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीवाल्याइच्या) कपास किसान अ‍ॅपवर रजिस्ट्रेशन करून देतो.

आता प्रश्न असा. पुण्याच्या एका क्लासचे ४८ हजार फी, जावा फुल स्टॅक, सहा महिने, रूम-मेस वेगळं. दुसरीकडं एक ओळखीचा म्हणते दीड लाख दे, तीन वर्षांचा एक्सपिरियन्स लावून देतो, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळं तयार, ऐंशी आधी आणि सत्तर जॉब लागल्यावर. बाबा म्हणतात कापूस विकून देतो. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ८,११०, म्हणजे क्लासची फी सहा क्विंटल आणि त्या दुसऱ्याचे साडेअठरा क्विंटल झाले. आम्हाले यंदाच्या पावसानं एकरी चार आला तरी लय झालं. वावर पाच एकर. तुम्हीच हिशोब करा.

आणि रोज मोबाइल उघडला का एकच बातमी, इथं इतके हजार काढले, तिथं तितके काढले. मंग हे सगळं कायले करावं असं वाटते. कोणी खरं खरं सांगा.

---

तर्री_जास्त

पहिले तर तुझं नाव आवडलं भौ. दुसरं, दीड लाखवाल्याले नमस्कार कर आणि मागं पाहू नको. बाकी जाणकार येतील, मी पोहे खाऊन येतो.

---

मिहानकर

साठ टक्क्यांबद्दल सांगतो. ती अट मुख्यतः मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या मास हायरिंगला असते, कारण त्यांना लाखोंनी अर्ज येतात आणि कुठंतरी चाळणी लावायची असते, त्याचा तुझ्या हुशारीशी काही संबंध नाही. पन्नास-शंभर लोकांची कंपनी बारावीचे मार्क बघत बसत नाही. मी नागपुरात मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक पट्ट्यात) आहे, आमच्या टीममध्ये पॉलिटेक्निक करून आलेले आहेत, एक तर बी.एस्सी. केमिस्ट्री आहे.

आणि ज्या दरवाज्यासाठी रडतो आहेस तो उघडला असता तरी काय? टीसीएस निन्जाचं (त्यांच्या साध्या फ्रेशर भरतीचं) पॅकेज ३.३६ लाख, इन्फोसिसचं ३.६, हातात बावीस-पंचवीस हजार. पंधरा वर्षांपूर्वीही तीन-सव्वातीनच होतं. तेव्हा त्यात पुण्यात खोली घेऊन घरी पैसे पाठवता यायचे, आता पोराला महिनाअखेरी घरूनच मागावे लागतात.

लोक म्हणतात मिहानमध्ये टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे, मग पुण्याला का जायचं. अरे बाबा फ्रेशरला पोस्टिंग मागून मिळत नाही. ट्रेनिंगला तिरुवनंतपुरम नाहीतर म्हैसूर, आणि तिथून कुठं फेकतील ते नशीब.

---

सालदार

माझं मत कडू वाटंन पण सांगतो. हे आयटीचं झाड आता वाळलं आहे. टीसीएसनं २०२५ च्या जुलैत बारा हजार लोक काढतो म्हणून सांगितलं. अमेझॉननं त्याच ऑक्टोबरात चौदा हजार. तिकडं ट्रम्पनं नवीन एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी लावली. आणि उरलेलं काम एआय करून रायला. ज्याच्यापाशी पाच एकर आहे त्यानं कायले पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत झोपावं? शेळ्या पाळ, संत्रा लाव.

---

मिहानकर

सालदार काका, टीसीएसचे ते बारा हजार म्हणजे एकूण सहा लाख तेरा हजारांतले दोन टक्के, आणि कंपनीनं स्वतः सांगितलं होतं की मुख्यतः मिडल आणि सीनियर लेव्हलचे. फ्रेशरचा प्रश्न वेगळा आहे, त्याला काढत नाहीत, त्याला घेतच नाहीत. एच-वन-बीचं तर या पोराशी काय देणंघेणं, त्याला अजून यवतमाळहून पुण्याचं रिझर्व्हेशन मिळत नाही.

---

सालदार

तेच तर म्हणतो न बाप्पा, घेतच नाहीत. तुम्ही माझंच म्हणणं इंग्रजी शाळेतून फिरवून आणलं.

---

उगाच_एक

शेळ्या पाळ म्हणणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं, त्यांची स्वतःची मुलं कुठे असतात ते कधी सांगत नाहीत. असो.

२०२२ मध्ये कोविडनंतरच्या तेजीत कंपन्यांनी वाट्टेल तशी भरती केली, मग मंदी आली आणि ऑफर लेटर हातात असलेली मुलं महिनोन् महिने घरी बसली. विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना २०२३ च्या फेब्रुवारीत विचारलं की साडेतीनवर येता का. २०२५ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसनं म्हैसूरला तीनशेहून जास्त ट्रेनींना परीक्षा पास झाले नाहीत म्हणून घरी पाठवलं, त्यातले काही त्याच दोन-अडीच वर्षं थांबलेल्यांपैकी. तेव्हा 'झाड वाळलं' हेही खरं नाही आणि 'स्किल असेल तर जॉब आहेच' हे लिंक्डइनवरचं कीर्तनही खरं नाही. तुझी बॅच वाईट वेळी बाहेर पडली एवढंच, तुझा त्यात दोष नाही.

क्लासबद्दल: १०० टक्के प्लेसमेंट लिहिलं असेल तर त्यांना मागच्या बॅचच्या पाच मुलांशी बोलायला द्या म्हणावं. चेहरे बघा मग त्यांचे.

---

फेज_टू

एवढ्यासाठी लॉगिन केलं. मी त्या दीड लाखवाल्याकडून गेलेलो आहे. माझ्या वेळी एक लाख दहा हजार होते. गाव सांगत नाही, अकोला जिल्हा समजा.

सगळं तुम्ही लिहिलं तसंच मिळतं. ऑफर लेटर, स्लिपा, हैदराबादचा पत्ता, व्हेरिफिकेशनला फोन आला तर उचलणारा माणूसपण. इंटरव्ह्यूला कानात इअरफोन आणि पलीकडून उत्तरं सांगणारा, मी फक्त ओठ हलवले. लागलो. साडेसहा लाख पॅकेज. गावात पेढे वाटले, आईनं शेगावला जाऊन नवस फेडला.

पहिल्या दिवसापासून पोटात गोळा. तीन वर्षांचा एक्सपिरियन्स म्हणून घेतलेला, मॅनेजर म्हणे हे मॉड्यूल बघून घे, मला गिटवर (टीमचा कोड सांभाळायच्या साधनावर) ब्रांच कशी काढायची ते पण नीट येत नव्हतं, रात्री रात्री व्हिडिओ बघून सकाळी काम. तरी मी सात महिने ओढले आणि खरं सांगू, त्या सात महिन्यांत मी शिकलो, सहाव्या महिन्यात मला खरंच काम यायला लागलं होतं.

आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागितली. यूएएन (पीएफच्या) नंबरवर तीन वर्षांत एकही एंट्री नाही. फॉर्म २६एएस (कापलेल्या टॅक्सचा हिशोब) मागितला, त्यात त्या कंपनीचा एक रुपया टीडीएस नाही. एक शुक्रवार, दुपारी तीनला एचआरनं छोट्या खोलीत बोलावलं, दोघंजण होते, आवाज चढवला नाही की काही नाही, कागद समोर सरकवला. लॅपटॉप टेबलावरच ठेवून घेतला. माझी पाण्याची बाटली आणि चार्जर डेस्कवर होता, तो सिक्युरिटीवाल्यानं आणून दिला आणि गेटवर गळ्यातलं कार्ड मागितलं. तो बुलढाण्याकडचा होता, रोज आमच्या गप्पा व्हायच्या. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

आता गंमत बघा. ते सात महिने खरे होते पण ते पण मला रेझ्युमेवर लिहिता येत नाहीत, कारण तिथं फोन केला की ते सांगणार का काढलं. कन्सल्टन्सीचा नंबर बंद. गावात सांगितलं वर्क फ्रॉम होम आहे. चौदा महिने वर्क फ्रॉम होमचं नाटक केलं, खोलीचं दार लावून बसायचो. आता एका छोट्या कंपनीत फ्रेशर म्हणून २.४ वर आहे, खोटं काही न लिहिता. झोप लागते.

भाऊ, साडेअठरा क्विंटल कापूस नको देऊ त्याला.

---

तर्री_जास्त

पोहे थंडे झाले बे.

---

माहेर_आर्वी

फेज_टू, लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या या पोस्टची लिंक मी माझ्या भाच्याला पाठवली आहे.

धुऱ्यावरच्या दादा, मी टेस्टिंगमध्ये आहे, वर्धा जिल्ह्यातल्या सासरहून काम करते, आठवड्यातून एकदा नागपूरला जाऊन तोंड दाखवावं लागतं. मी मराठी मीडियमची, बी.एस्सी. नंतर एमसीए. मोठ्या गोष्टी मला माहीत नाहीत पण खेड्यातून परीक्षा-इंटरव्ह्यू देताना जे भोगलं ते सांगते.

एक तर ऑनलाइन टेस्टला कॅमेरा चालू असतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक हालचाल लिहून ठेवतं. माझ्या पहिल्या टेस्टला सासूबाई मागून दुधाचं पातेलं घेऊन गेल्या आणि स्क्रीनवर आलं 'दुसरी व्यक्ती दिसली'. मी ओरडले आई बाजूला व्हा, तर आवाजाचीही वॉर्निंग आली. त्या बिचाऱ्या विचारायला परत आल्या काय झालं, तेव्हा तिसरी वॉर्निंग. टेस्ट बंद. दुसऱ्या वेळी मी कोठ्याशेजारच्या खोलीत बसले आणि बाहेरून कडी लावायला सांगितली.

दोन सिम ठेवा वेगवेगळ्या कंपनीची. लाइनचा टाइम सबस्टेशनवरच्या माणसाला विचारून ठेवा, तो खरं सांगतो. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकत असेल तर तालुक्याला कोणाकडे तरी जाऊन टेस्ट द्या, लाज नको.

इंग्रजी. मी स्वतःची ओळख मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकली, दीड मिनिटात अकरा वेळा 'अ‍ॅक्च्युअली' म्हटलं होतं. महिनाभर रोज रात्री एक रेकॉर्डिंग, व्याकरण सोडून द्या, फक्त वाक्य पूर्ण करायचं. इंटरव्ह्यूवाल्याला शेक्सपियर नको असतो, तुम्ही मध्येच गप्प होता तेच त्याला खटकतं.

---

जुना_कोबोल

मी मूळचा अकोटचा. १९९८ साली या धंद्यात आलो ते वायटूकेच्या कृपेने, दोन आकडी वर्षाची तारीख चार आकडी करायला जगभरातल्या बँकांना माणसं हवी होती आणि कोबोल येणारा कुणीही चालत होता. २००१ मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा माझे दोन मित्र परत गेले, एकानं कृषी केंद्र टाकलं. २००८ ला पुन्हा तेच. प्रत्येक वेळी लोक म्हणाले संपलं. पण मी 'यावेळीही काही होणार नाही' असं म्हणणार नाही, कारण पूर्वी फ्रेशरला जे काम देऊन आम्ही शिकवायचो, लहान फिक्स, टेस्ट केस, साधे रिपोर्ट, ते आता खरोखर सीनियर माणूस एआयकडून दुपारच्या चहाआधी करून घेतो. मी स्वतः करून घेतो. शिडीची खालची पायरीच निसटली आहे, हे कुणी कबूल करत नाही.

ते असो. मला एक सांग बेटा, तू काट्यावर नक्की काय करतोस? सविस्तर लिही.

---

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

सर्वाइचे आभार. फेज_टू भाऊ, तुमचं बाबाइले वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते तंबाखू मळत बसले. दीड लाखाचा विषय घरातून गेला.

सर, काट्यावर असं असते. गाडी गेटवर आली का गेटवाला रजिस्टरमध्ये गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव लिहिते. मंग कापूस पाहतात, ओल पाहतात, भाव ठरते. जमलं तर गाडी माझ्याकडं काट्यावर, भरतीचं वजन घेतो, गाडी खाली होऊन आली का खाली वजन, वजा केलं का निव्वळ, काटापट्टी फाडून देतो. ज्याचं भावात नाही जमलं तो वापस जाते, त्याची पट्टी नसते. संध्याकाळी मालकाले दोन्ही रजिस्टर एक्सेलमध्ये टाकून देतो. त्याइचं रोज एकच विचारणं, किती गाड्या आल्या आणि किती वापस गेल्या. ते मी बोटानं मोजतो, रोज अर्धा-पाऊण तास जाते.

---

जुना_कोबोल

बोटानं मोजतोस! अरे तुझ्यापुढे इंटरव्ह्यूचा अर्धा पेपर रोज पडलेला आहे आणि तू ४८ हजार भरून लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट करायला निघालास, जो हिंजवडीतल्या प्रत्येक इंटरव्ह्यूवाल्यानं हजार वेळा पाहिला आहे.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, दोन टेबल कर, गेट आणि काटा. गेटला काटा लेफ्ट जॉइन कर. गेटवरची प्रत्येक गाडी येईल, जिची पट्टी आहे तिचं वजन शेजारी, जिची नाही तिच्यापुढे नल, म्हणजे रिकामं. नल म्हणजे वापस गेलेली. झालं तुझ्या मालकाचं उत्तर.

आता पहिली गोची मुद्दाम सांगत नाही. आजचे आकडे काढायचे म्हणून तू व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या अटीत) काट्याची तारीख आज असं लिहिशील. लिही आणि काय होतं ते इथे येऊन सांग.

---

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

सर, केलं. लॅपटॉपवर मायएसक्यूएल टाकलं, काल रात्री दीड वाजला. व्हेअर लावलं का वापस गेलेल्या सगळ्या गाड्या गायब! एकही नल नाही. लय वेळ समजलंच नाही, मंग ध्यानात आलं का वापस गेलेल्या गाडीले काट्याची तारीखच नाही, तीपण नलच, आणि नल काही आजच्या तारखेबरोबर होत नाही, म्हणून ती व्हेअरमधून गळली. म्हणजे लेफ्ट जॉइन लिहून पण तो इनर जॉइनच झाला, दोन्हीकडं जुळते तेवढंच उरलं. ती अट ऑनमध्ये (टेबल जोडायच्या अटीत) टाकली आणि आजची तारीख गेटवर लावली का बरोबर आलं.

पण दुसरंच झंझट निघालं. निव्वळ वजनाची बेरीज रजिस्टरपेक्षा जास्त येऊन रायली. सकाळी पाहिलं तं एमएच २९ चा एक ट्रॅक्टर दिवसातून दोन वेळा आला होता. मी जॉइन गाडी नंबरवर केला होता. गेटच्या दोन ओळी, काट्याच्या दोन, दोन गुणिले दोन चार. म्हणजे गाडी नंबर चावी म्हणून चालत नाही. आता गेटवर प्रत्येक फेरीले टोकन नंबर द्यायचा असं गेटवाल्या काकाले सांगितलं. ते म्हणे तुह्या कॉम्प्युटरपायी मले नवीन धंदा लावला.

---

जुना_कोबोल

शाब्बास. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची चावी, काय असते याची व्याख्या शंभरातले शंभर सांगतात. गाडी नंबर का चालत नाही हे ज्यानं बेरीज चुकल्यावर ट्रॅक्टर शोधून काढला तोच सांगू शकतो, आणि समोर बसलेल्या माणसाला तो फरक दोन मिनिटांत कळतो.

पुढचं. दोन गेट असतील आणि दोघांनी एकदम टोकन दिलं तर?

---

तर्री_जास्त

सर तुम्ही आता त्या गेटवाल्या काकाचं लग्नच मोडणार.

---

उगाच_एक

दोन गेटवरून आठवलं, २० ऑक्टोबर २०२५ ला अमेझॉनचं व्हर्जिनियातलं क्लाउड पडलं आणि अर्ध्या जगाची अ‍ॅपं बंद झाली, त्याचं मूळ नेमकं हेच होतं ना?

---

जुना_कोबोल

त्याच जातीचं. डायनॅमोडीबी म्हणून त्यांचा डेटाबेस आहे, त्याचा पत्ता डीएनएसमध्ये (इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत) लिहिणारे स्वयंचलित प्रोग्राम एकाहून जास्त चालू होते. एक मागे पडला होता, त्यानं उशिरा येऊन जुनाच पत्ता नव्यावर लिहिला. तेवढ्यात दुसरा जुने कागद साफ करत होता, त्यानं हा जुना दिसला म्हणून काढून टाकला. पान कोरं. पत्ताच नाही म्हटल्यावर कुणाला घर सापडेना. यालाच रेस कंडिशन म्हणतात. एवढ्या मोठ्या घरात होतं तर जिनिंगच्या गेटवर का नाही होणार.

---

सालदार

लाखो कोटीच्या कंपनीत रजिस्टरचं पान फाटते आणि आम्हाले म्हणतात डिजिटल व्हा.

बरं ते झोहो कंपनीचं मेसेजचं अ‍ॅप, अरट्टाई, कोणी वापरते का? आमच्या ग्रुपात महिनाभर सगळे म्हणत होते स्वदेशी आहे, व्हॉट्सअ‍ॅप सोडा. सोडायचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरच येत होता.

---

माहेर_आर्वी

मी टाकलं होतं. छान चालतं, पण माझ्या यादीतले चारच जण तिथं. आणि तेव्हा मेसेजला एंड टू एंड एन्क्रिप्शन (मधल्या कुणालाही वाचता येऊ नये अशी सोय) नव्हतं, म्हणून मी घरचं काही पाठवलं नाही.

पण झोहोचं मला दुसरंच आवडतं. त्यांचे संस्थापक श्रीधर वेंबूंनी २०११ च्या सुमारास तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस काढलं, आणि त्यांची स्वतःची शाळा आहे, तिथं डिग्रीशिवाय पोरं घेऊन शिकवतात आणि कामाला लावतात. आपल्याकडे मोर्शीला नाही तर पुसदला असं कुणी का काढत नाही? जमीन स्वस्त, पोरं हुशार.

---

सालदार

आपल्याकडं काढलं तर उद्घाटनाले लय जण येतील ताई, लाइन कोण देईल?

---

मिहानकर

एआयवरून एक. २०२५ च्या शेवटी जिओवाल्यांना जेमिनी प्रो दीड वर्ष फुकट दिलं, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट. फुकट का दिलं ते उघड आहे, सवय लावायची होती, पण मिळेल ते आपण वापरून घ्यावं. फक्त पोरांनो कोड लिहून घेऊ नका. लिहा तुम्ही, आणि त्याला सांगा इंटरव्ह्यूवाल्यासारखं खोदून विचार. मी हल्ली इंटरव्ह्यू घेतो तेव्हा सांगतो की शेअर केलेल्या स्क्रीनवर ही एक ओळ बदलून दाखव. दहातले सात जण तिथंच थांबतात, कारण ओळ त्यांची नसतेच.

---

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

बारा-तेरा दिवसांनी लिहितो. वेचाईचा हंगाम, बाया भेटत नव्हत्या, मायसंगं मीच वावरात होतो.

अपडेट असा का कॉलेजच्या एका सीनियरनं त्याच्या कंपनीत रेझ्युमे टाकला, पुण्याची आहे, ऐंशीक लोकं. इंटरव्ह्यू मोबाइलच्या नेटवर दिला, जिनिंगच्या ऑफिसात बसून, कारण तिथं इन्व्हर्टर आहे. सेल्फ इंट्रोमध्ये दोनदा अडकलो पण वाक्य पूर्ण केलं (ताई, तुमचं रेकॉर्डिंगचं करत होतो). मंग प्रोजेक्ट विचारला. काटा सांगितला. तो माणूस हसला आधी, म्हणे कापसाचा प्रोजेक्ट पहिल्यांदा पाहिला, आणि मंग वीस मिनिटं त्यावरच. गाडी नंबर प्रायमरी की का नाही, हे विचारलं! ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली. दोन गेटचं पण विचारलं, ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा नंबर) डेटाबेसकडूनच घ्यायचा, गेटवाल्यानं मोजायचा नाही, असं सांगितलं.

पण पुढं डेटाबेसचा इंडेक्स (लवकर शोधायची सूची) आतून कसा चालते ते विचारलं आणि मी पुस्तकातलं अर्धं बोललो, अर्ध्यात फसलो. जावामध्ये हॅशमॅपले (चावी-किमतीच्या जोड्या ठेवते त्याले) एका चावीले दोन किमती टाकल्या तं काय, तेपण उलटंच सांगितलं, नंतर पाणी पिताना आठवलं. कळवतो म्हणाले. अजून काही आलं नाही.

दुसरं, नागपूरच्या एका कंपनीचं आलं आहे, सपोर्टचं काम, पंधरा हजार, पण अठरा महिन्याचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशिटा जमा करा म्हणतात. काय करू? बाबा म्हणतात लागून जा.

---

मिहानकर

ओरिजिनल अजिबात देऊ नको. झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखव आणि लगेच परत घे. ज्याला तुझं काम हवं आहे त्याला तुझी मार्कशीट कपाटात कशाला हवी? नोटीस पिरियड लांब असला तरी चालेल, पण कागद तुझे तुझ्याकडे. ते नाही म्हणाले तर सोडून दे.

---

फेज_टू

माझ्या रूमवाल्याचे कागद असेच दोन वर्षं अडकले होते, पासपोर्ट काढता आला नाही. सोड.

---

उगाच_एक

मी थोडा वेगळं म्हणतो. पंधरा हजार आणि सपोर्ट, कागद न घेता देत असतील तर घे. वर्षभर लोकांचे फोन उचलून, लॉग वाचून जे कळतं ते क्लासमध्ये कळत नाही. आणि नागपूरहून शनिवारी घरी येता येतं. पुण्याची घाई कशाला.

---

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

फोन करून विचारलं. ओरिजिनलशिवाय नाही म्हणाले. मंग मीपण नाई म्हटलं. बाबा दिवसभर बोलले नाहीत, संध्याकाळी म्हणाले, कागद तुहे आहेत, तुले समजते.

क्लास पण आत्ता नाही. एनपीटीईएलचं (आयआयटीवाल्याइच्या ऑनलाइन कोर्सचं) डेटाबेसचं फुकट आहे ते लावलं, इंडेक्सपासून सुरुवात. दुसरी वेचाई झाली, कापूस सीसीआयले गेला का त्यातले दहा हजार घेऊन पुण्याले महिनाभर जाऊन पाहतो, वॉक-इन देतो. ओल बारा टक्क्याच्या आत पायजे, म्हणून सध्या कापूस घरात पसरून ठेवला आहे, झोपाले जागा नाही.

---

माहेर_आर्वी

जाताना स्वेटर ने. आणि फोटो पासपोर्ट साइजचे दहा-बारा, तिथं काढायला दुप्पट घेतात.

---

बीसीए_शेवटचं_वर्ष

नमस्कार, नवीन आहे. मी उमरखेडचा. पूर्ण धागा वाचला. दादा ते व्हेअरवालं समजलं पण दोन गुणिले दोन चार कसं झालं ते नाही समजलं. ट्रॅक्टर दोनदा आला तर दोनच ओळी यायला पाहिजे ना?

---

धुऱ्यावरचा_इंजिनिअर

वही घे. डाव्या बाजूले गेटच्या दोन ओळी लिही, सकाळची आणि दुपारची, दोन्हीले गाडी नंबर सारखाच. उजव्या बाजूले काट्याच्या दोन, त्यालेपण तोच नंबर. आता जॉइन फक्त नंबर पाहते, टाइम पाहत नाही. सकाळच्या गेटले सकाळचा काटा जुळला, दुपारचापण जुळला. दुपारच्या गेटलेपण दोन्ही जुळले. पेन्सिलनं रेघा ओढून पाहा, चार येतात का नाही सांग. आता रेघांच्या जागी टोकन टाक, १७ ले १७ आणि ६३ ले ६३, दोनच उरतात.

थांब, गाडी आली, काट्यावर जातो.